रत्नाक्का आणि दोनशे पावलं

आमच्या फाउंड्रीत एक बाई रोज सकाळी वाळू हुंगते.

सात वाजता भट्टीतून कोअरचा पहिला ट्रे बाहेर येतो. तो गार झाला की रत्नाक्का मगदूम त्यातला एक कोअर उचलते, गुडघ्यावर धरून काटकी मोडावी तसा कटकन मोडते आणि मोडलेली बाजू नाकाला लावते. डोळे मिटते. आजूबाजूच्या आठ बायका हातातलं काम थांबवून तिच्या नाकाकडे बघत असतात. मग निकाल लागतो. "कच्चं." किंवा "चालंल." तिसरा शब्द नाही. मी या कंपनीत लागून अकरा वर्षं झाली, "चांगलं" हा शब्द अक्काच्या तोंडून मी परवापरवापर्यंत ऐकलेला नव्हता. माणसाबद्दल नाही, वाळूबद्दल नाही, स्वतःच्या जावयाबद्दलही नाही.

कोअर म्हणजे काय ते सांगतो, कारण मलाही इथं नोकरी लागेपर्यंत माहीत नव्हतं. ट्रॅक्टरच्या इंजिनाचं जे हेड असतं, ते लोखंड ओतून करतात. पण ते भरीव करून चालत नाही. आतून पाणी फिरायला वाकडेतिकडे बोगदे लागतात. म्हणून साच्यात जिथं पोकळी हवी, तिथं वाळूचा भाजलेला तुकडा ठेवायचा. भोवतीनं लोखंड ओतायचं. लोखंड गार झालं की आतली वाळू फोडून, झटकून काढून टाकायची. त्या वाळूच्या तुकड्याला कोअर म्हणतात. वाळू दाबण्यापासून भाजून गार होईपर्यंत त्याला अर्धा दिवस जातो आणि शेवटी तो फोडूनच टाकायचा असतो.

एकदा ऑफिसनं सगळ्या कामगारांचा एक फॉर्म भरून घेतला. त्यात 'कामाचे स्वरूप' असा रकाना होता. मी पेन घेऊन अक्कासमोर बसलो.

"अक्का, तुम्ही नक्की काय काम करता?"

"भोकं करतो."

"असं कसं लिहिणार?"

"मग तुम्ही काय करतासा ते लिवा. तेबी न्हाई सांगता यायचं तुमास्नी."

मी 'उत्पादन साहाय्य' असं लिहिलं. तिचं म्हणणं मात्र मला घरी जाईपर्यंत टोचत राहिलं. माझ्या कार्डावर 'एचआर मॅनेजर' असं छापलेलं आहे. माणसं खूश ठेवणं हे माझं काम. अक्का मला 'पावणं' म्हणते. मलाच नाही, इस्त्रीचा शर्ट घालून खात्यात येणाऱ्या प्रत्येकाला म्हणते. तिचा हिशेब सरळ आहे. ही माणसं येतात, उभ्या उभ्या चौकशी करतात, सगळं ठीक आहे असं स्वतःच सांगतात आणि परत जातात. पाहुणे दुसरं काय करतात?

"काय पावणं, वाट चुकला?" असं ती विचारते आणि उत्तराची वाट न बघता कामाला लागते.

आमचे थोरले साहेब होते तोपर्यंत माणसं खूश आहेत की नाहीत याची कुणी चौकशी करत नव्हतं. मग धाकटे साहेब पुण्याहून शिकून आले. शिक्षण झाल्यावर माणसाला जे होतं ते त्यांनाही झालं होतं. त्यांना सगळीकडे प्रेरणेचा अभाव दिसायला लागला. माणसं नुसत्या पगारासाठी काम करतात याचं त्यांना फार वाईट वाटायचं. पगारासाठी नाही तर मग कशासाठी करावं, हे शोधायचं काम त्यांनी माझ्याकडे दिलं. त्यासाठी माझा पगार वाढवला.

पहिली योजना 'स्टार ऑफ द मंथ'. पहिल्याच महिन्यात अक्काचं नाव आलं. फोटो काढायला तिला सूचना फलकाजवळ उभं केलं, तर तिनं कॅमेऱ्याकडे अशा नजरेनं बघितलं की फोटोत ती नव्हे, फोटो काढणाराच घाबरलेला वाटतो. बक्षीस म्हणून एका नामांकित हॉटेलचं जेवणाचं कूपन होतं. तांबडा-पांढरा रस्सा, मटण, चार माणसांचं, वेळ रात्री आठ ते अकरा.

अक्का जैनाची. कांदा-लसूण खात नाही. दिवस मावळल्यावर पाण्याशिवाय काही तोंडात घालत नाही. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी लग्न होऊन बेळगावकडे गेली, घरात ती एकटी.

तिनं कूपन दोन्ही बाजूंनी वाचलं आणि माझ्या टेबलावर ठेवलं.

"पावणं, ह्यात माझं काय हाय? नाव तेवढं माझं हाय."

ते कूपन शेवटी मी, बायको आणि दोन्ही मुलांनी वापरलं. मटण उत्तम होतं. हे मी धाकट्या साहेबांना सांगितलेलं नाही.

पुढची योजना मोठी होती. सगळ्या खात्यांना पन्हाळ्यावर एका रिसॉर्टमध्ये नेऊन दिवसभराचं शिबिर. पुण्याहून एक सर आले. निळा कोट, कानाला माईक. त्यांनी पहिल्यांदा सगळ्यांना एकमेकांच्या पाठीवर थाप मारायला लावली. ओतलेला माल घासून साफ करणाऱ्या फेटलिंग खात्यातल्या लोकांनी, ज्यांचे हात दिवसभर ग्राइंडर धरून लाकडासारखे झालेले असतात, ती इतकी मनापासून मारली की स्टोअरकीपर दुपारपर्यंत वाकून चालत होता. मग फुगे वाटले. फुग्यावर आपलं स्वप्न लिहायचं. मग सरांनी प्रत्येकाजवळ जाऊन विचारायला सुरुवात केली.

"मावशी, तुम्हाला सकाळी कोण उठवतं?"

"म्हस," अक्का म्हणाली.

"नाही, म्हणजे आतून. आतून कोण हाक मारतं?"

"आतनंच की. गोठ्यातनं."

लोक हसले. सर पण हसले, त्यांना सवय असावी. त्यांनी एक चित्र लावलं. एकावर एक पायऱ्या. खाली अन्न, वस्त्र, निवारा, वर सन्मान, अगदी टोकाला काहीतरी मोठं, जे मला आता आठवत नाही. अक्कानं हात वर केला. शाळेत असल्यासारखा, सरळ. मला वाटलं, चला, प्रेरणा आली.

"सर, तुम्ही ह्ये सांगून पुन्याला जानार. मग ह्यातलं कुनाला कळलं, कुनाला न्हाई, ते कवा बघतासा?"

सर म्हणाले, "शेवटी फीडबॅक फॉर्म आहे."

"फारम न्हवं. माल कवा बघतासा?"

यावर जेवणाची सुट्टी झाली.

त्या शिबिराचा खर्च किती झाला मला माहीत आहे, पण ते सोडा. गड उतरताना वळणावर वळणं आली आणि निम्म्या बसनं खिडकीतून डोकी बाहेर काढली. प्रेरणा जेवढी आत गेली होती तेवढी वाटेतच पडली.

इथवर सगळं हसण्यावारी होतं. तिसऱ्या योजनेनं घात केला.

धाकट्या साहेबांनी कोअर शॉपमध्ये एक मोठा फळा लावला. नऊ बायकांचे नऊ फोटो. प्रत्येकीनं दिवसात किती कोअर केले तो आकडा, आणि त्याखाली चेहरा. जास्त केले तर हिरवा हसरा, कमी केले तर लाल रडका. संध्याकाळी सुपरवायझर येऊन चेहरे चिकटवायचा. बहुतेक पन्नाशीला आलेल्या, सुना-नातवंडं असलेल्या बायका. सुट्टीत त्या फळ्याकडे पाठ करून डबा खायला लागल्या.

एकटी मालू तेवढी फळ्याकडे तोंड करून बसायची. मालू कांबळे ही खात्यातली सगळ्यांत नवी, पाच वर्षांची. वय तिशीचं, डावखुरी, हात चपळ. अक्काची सगळ्यांत करडी नजर मालूवर असायची. मालूचा कोअर हातात घेतला की तिची भुवई वर जायची आणि बहुतेक वेळा कोअर जमिनीवर जायचा. खराब कोअर अक्का बाजूला ठेवत नाही, करणारीच्या समोर फोडते. बोलत नाही काही. फोडते आणि पुढं जाते. पाच वर्षं मालूनं हे सोसलं होतं. आता फळ्यावर तिचा चेहरा रोज हिरवा हसायला लागला. ती घाई करायला लागली. वाळू नीट दाबायच्या आधीच साचा उघडायची, जोडाला डिंक कसाही लावायची. अक्का फोडत राहिली. एके दिवशी तिनं मालूचे चाळीसच्या वर कोअर फोडले, आणि संध्याकाळी फळ्यावर मालूला लाल चेहरा लागला.

मालू रडली. सुपरवायझरनं वर सांगितलं. धाकट्या साहेबांना यात अक्काची नकारात्मकता दिसली. त्यांनी ठरवलं की आता कोअर फोडायचे नाहीत. जेवढे होतील तेवढे मोजायचे आणि पुढं पाठवायचे. काय खराब असेल ते शेवटी इन्स्पेक्शनवाले बघतील. तसं पत्रक मी टाईप केलं. सही माझी. चिकटवायलाही मीच गेलो, कारण शिपाई त्या दिवशी रजेवर होता आणि दुसरं कुणी अक्कासमोर जायला तयार नव्हतं.

तिनं ते दोनदा वाचलं. शब्दावर बोट ठेवून.

"ह्याच्यावर सही कुनाची?"

"माझी."

"मग मी काय करायचं?"

"तुमचे कोअर करायचे. बाकीच्यांचं बघायची आता तुम्हाला गरज नाही. तुमचा त्रास कमी झाला, अक्का."

हे वाक्य मी खरोखर बोललो. पुण्याच्या सरांनी शिकवलं होतं, प्रत्येक निर्णय फायद्याच्या भाषेत सांगायचा.

तिनं पाळी संपेपर्यंत काम केलं. मग हात धुऊन ऑफिसात आली, ॲप्रनची चौकोनी घडी माझ्या टेबलावर ठेवली आणि गेली. राजीनामा वगैरे लिहायचा असतो हे मी तिला दारापर्यंत जाऊन सांगितलं. तिनं मागं वळून बघितलं नाही.

तीन आठवड्यांत काय व्हायचं ते झालं. फळ्यावर नऊपैकी आठ चेहरे हिरवे हसत होते आणि इन्स्पेक्शनच्या खोलीबाहेर खराब हेडांचा ढीग लागला होता. कुठं आत भोक पडलेलं, कुठं बोगदा मध्येच बुजलेला. इन्स्पेक्शनचे जाधव रोज सकाळी ढिगाकडे बघत आणि मग माझ्या खिडकीकडे बघत. ट्रॅक्टर कंपनीचा कडक फोन आला. धाकट्या साहेबांनी मला बोलावून घेतलं.

"तिला काय पाहिजे ते विचारा. पगार, पद, काय ते. तिला नक्की कशानं मोटिव्हेट करायचं ते शोधा."

मी पगारवाढीचं पत्र घेऊन तिच्या गावी गेलो. कागलच्या पुढं, सीमेला लागून गाव आहे. गल्लीत शिरून मगदुमांचं घर विचारलं तर तीन-चार बायका अंगणातून उठूनच आल्या.

"कंपनीतनं आलासा? न्यायला आलासा न्हवं?"

"बघू," मी म्हणालो.

"बघू नगा. न्या की."

गल्लीत उन्हाळ्याचे पापड चालले होते. अक्का घरी बसली तशी तिनं ते आपल्या ताब्यात घेतलं होतं. कुणाचं पीठ सैल, कुणाचा पापड एका अंगानं जाड. ती प्रत्येकीच्या खाटेपाशी जाऊन पापड उचलायची, उजेडाला धरायची आणि पसंत नसेल तर चुरगाळून परत परातीत टाकायची. एका म्हातारीनं मला हळूच सांगितलं की तीन आठवड्यांत निम्म्या गल्लीनं पापड करायचेच सोडले.

अक्का गोठ्यात म्हशीला पाणी दाखवत होती. मला बघून तिला आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. तिनं सोप्यात चटई टाकली, चहा केला. मी पत्र काढून वाचून दाखवलं.

"पगार वाढवलाय. आणि पदही दिलंय. सीनियर क्वालिटी असोसिएट."

"म्हंजे काय करायचं?"

"म्हणजे... तेच."

"आनी पत्रक?"

"ते मागं घेतलं. फळाही काढणार आहेत."

तिनं मान हलवली. ते तिला अपेक्षितच होतं. खराब माल किती दिवस लपणार, हे तिला सही करणाऱ्यापेक्षा आधी कळलेलं होतं. पण ती हो म्हणाली नाही. चहाची बशी फिरवत बसली. मी पहिल्यांदाच अक्काला काम नसलेल्या हातांनी बघत होतो. ते हात तिला कुठं ठेवावेत कळत नव्हतं.

"अक्का, तुम्हाला काय पाहिजे ते सांगा. मी साहेबांना सांगतो."

"मला एक सांगा, पावणं. मी वाळू घालतो. तुमी लोकंड वततासा. मग वाळू फोडून काडतासा. मग काय ऱ्हातंय?"

"पोकळी राहते."

"ती तुमी बघितलीया?"

"हो. जाधव खराब हेड कापतात ना, तेव्हा आतलं सगळं दिसतं."

"मी न्हाई बघितली," अक्का म्हणाली. "बावीस वर्सं झाली."

तिनं बशी खाली ठेवली. मग माझ्याकडे न बघता ती बोलायला लागली.

"मालू आली त्या वर्सी तिनं मला इचारलंतं. अक्का, ह्यो वाकडा तुकडा कशाला लागतोय? कुटं बसतोय ह्यो? मी तिला म्हनलो, गप काम कर, चौकशा नगंत. लई वरडलो तिच्यावर. मला म्हाईत न्हवतं, म्हनून वरडलो. पोरगीनं परत कवा इचारलं न्हाई. इचारलं असतं तर तिनं हात आवरला असता. कशासाठी करतोय कळल्यावर मानूस आपसूक हात आवरतोय."

"मग तुम्हाला दाखवतो. उद्याच चला."

"मला एकटीला नगं. नऊच्या नऊ."

मी ही मागणी धाकट्या साहेबांपुढं ठेवली.

"नुसतं बघायचंय? मग पगारवाढ द्यायची गरज नाही?"

पत्र देऊन झालंय, असं मी सांगितलं. माझ्या नोकरीत मी केलेलं बहुधा ते एकमेव चांगलं काम.

कोअर शॉपच्या दारापासून इन्स्पेक्शनच्या खोलीपर्यंत दोनशे पावलं आहेत. मी नंतर मोजली. मध्ये एक सायकल स्टँड आणि एक लिंबाचं झाड. तेवढं चालवायचं सोडून आम्ही या बायकांना पन्हाळ्यावर नेऊन फुगे दिले होते. या दोनशे पावलांत बावीस वर्षं काय आडवं आलं असं तुम्ही विचाराल, तर दारावर 'परवानगीशिवाय प्रवेश नाही' अशी पाटी आहे, एवढंच. ती कुणी लावली हे कुणालाच आठवत नाही. जाधवांनी त्या दिवशीही कुरकुर केली. कोअरवाल्या बायकांच्या अंगावर वाळू असते, ती मोजमापाच्या उपकरणांत जाते, असं त्यांचं म्हणणं. हे ऐकून नऊ बायकांनी दाराबाहेर चपला काढल्या, पदर झटकले, आणि देवळात जावं तशा एकामागून एक आत आल्या.

आत लांब टेबलावर पंधरा-वीस कापलेली हेडं मांडलेली होती. कलिंगड मधोमध चिरावं तशी. आतले बोगदे उघडे पडलेले. जाधव मूळचे कोरडे गृहस्थ, पण समोर ऐकणारं कुणी आलं की त्यांनाही कंठ फुटतो हे त्या दिवशी समजलं. इंजिन तापतं कसं, ते थंड ठेवायला पाणी या वाटेनं कसं फिरतं, एक वाट बुजली तर भर उन्हात शेतात ट्रॅक्टर कसा बंद पडतो, हे त्यांनी बोट फिरवून दाखवलं. धाकटे साहेब मोबाइल धरून मागं उभे होते. कंपनीच्या पानावर टाकायला त्यांना व्हिडिओ हवा होता. त्यांच्याकडे कुणी बघत नव्हतं.

अक्का टेबलाच्या एका टोकाला उभी होती. तिला काही ओळखू येईना. तिनं एका हेडच्या बोगद्यात हात घातला, काढला, परत घातला. कपाळाला आठ्या. मग एकदम तिचा चेहरा सुटला.

"उलटं हाय," ती म्हणाली. "आपलं जितं वर असतंय, तितं ह्याच्यात खाली हाय. उलटं धरून बघा गं."

आणि मग ती टेबलाच्या कडेनं चालायला लागली. प्रत्येक हेडपाशी थांबायची, आतून हात फिरवायची.

"ही सुरेखाची. जोडावर डिंक जादा. कितींदा सांगितलं." पुढं. "ही शोभाची. कोअरला लेप देताना बुरूश उलटा मारती ती, बघा, रेघा खालनं वर गेल्यात." पुढं. "ही पन सुरेखाचीच."

बायका तिच्याभोवती गोळा झाल्या. आपापल्या हेडमध्ये हात घालून बघायला लागल्या. जाधवांनी हळूच रजिस्टर उघडलं. कुठल्या दिवशी कुठल्या बाईचे कोअर कुठल्या हेडात गेले याची त्यात नोंद असते. अक्का सांगत होती आणि ते बोट खाली सरकवत होते. एकाही ठिकाणी त्यांनी मान आडवी हलवली नाही.

पाच वर्षांत, दहा वर्षांत, वीस वर्षांत तिनं या बायकांना शाबासकीचा एक शब्द दिला नव्हता. आणि प्रत्येकीचा हात तिला अंधारात चाचपूनसुद्धा ओळखू येत होता. साहेबांनी नऊ फोटो लावले होते, तरी त्यांना आजही या नऊ बायकांतली मालू कोण आणि शोभा कोण हे सांगता आलं नसतं. मला चार जणींची नावं माहीत होती.

कोपऱ्यातल्या एका जुन्या, गंजलेल्या हेडपाशी अक्का जरा जास्त थांबली.

"ही मालूची."

मालू पुढं आली. "कशावरनं, अक्का?"

"डाव्या अंगानं दाबल्यालं हाय. आनी ही तुझा नवरा दवाखान्यात होता तवाची हाय. हात थरथरायचा तुझा. सगळे कोअर भेगाळायचे."

"तवा तुमी माझे फोडला न्हाईसा," मालू म्हणाली. "मला वाटलं, नीट झालंते."

"कुटलं नीट? तू गेल्यावर मी बसून लिपत होतो. ही एक ऱ्हायली वाटतं नजरंतनं."

मालू त्या हेडवर हात ठेवून उभी राहिली. जरा वेळानं तिनं विचारलं, "आनी तुमची कुटली, अक्का?"

अक्कानं पूर्ण टेबलावर नजर फिरवली. एकदा या टोकापासून, एकदा त्या टोकापासून. मग जाधवांकडे बघितलं.

"सहा भोकांच्या मोठ्या हेडचा कोअर तुम्हीच करता ना?" जाधव म्हणाले. "एकट्याच?"

"व्हय."

"ते इथं नाही. इथं खराब झालेलंच कापतो आम्ही. मी आल्यापासून तुमचं एकही कापावं लागलेलं नाही."

मला पहिल्यांदा वाटलं, अक्का खूश होईल. जाधवांच्या तोंडून एवढं ऐकायला आमचे इंजिनिअर जन्म घालवतात. पण तिचा चेहरा पडला होता. बावीस वर्षं थांबून ती जे बघायला आली होती, तेवढंच नेमकं तिथं नव्हतं. सगळ्यांचं होतं.

जाधवांनाही ते जाणवलं असावं. ते मागच्या खोलीत गेले आणि अक्काच्याच कोअरवर ओतलेलं, सहा भोकांचं एक मोठं हेड गाड्यावर ठेवून घेऊन आले. नवं, करडं, सबंध. "साहेब म्हणाले तर हे कापतो," ते म्हणाले. "अर्ध्या तासाचं काम आहे."

धाकट्या साहेबांनी मोबाइल खाली घेतला. त्या हेडची किंमत त्यांच्या चेहऱ्यावरून जाताना मला दिसली. मग ते उदारपणे म्हणाले, "कापा. आपण कापतानाचा व्हिडिओ घेऊ."

"नगा," अक्का म्हणाली. "चांगलं हाय ते. कशाला कापायचं? जाऊ दे त्याच्या जागंला. पानी फिरू दे त्यातनं."

तिनं बांगड्या मागं सारल्या आणि हेडच्या अंगाला असलेल्या भोकात दोन बोटं घातली. तिथून पुढं बोगदा वळतो, बोटं दोन पेरांच्या पुढं जात नाहीत. तरी तिनं खांदा खाली करून आणखी थोडी आत सारली. मालूनं आपल्या मोबाइलचा उजेड दुसऱ्या भोकातून आत सोडला.

"दिसतंय का काय, अक्का?"

"न्हाई," अक्का म्हणाली. बोटं तिनं बाहेर काढली नाहीत. "पर गुळगुळीत लागतंय."